शिसव, ‘ब्लॅकवुड’ आणि मुंबईचे सुतार

एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा इतिहास लिहिताना गोदी, गिरण्या, आगगाडी आणि सार्वजनिक इमारती यांचा विचार जितक्या विस्ताराने झालेला आहे, तितका घरातील सामानसुमानाचा झालेला नाही. वास्तविक त्या शतकाच्या मध्यास ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ओळखले जाणारे कोरीव शिसवी सामान हे या शहराचे एक ख्यातनाम उत्पादन होते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले आणि मुंबईतील धनिकांच्या दिवाणखान्यांत त्याची दाटी झाली. पुढे मात्र ते अभ्यासकांच्या दृष्टीआड झाले. याचे एक प्रमुख कारण सर जॉर्ज बर्डवुड यांच्या अभिप्रायात आहे. हिंदुस्थानातील औद्योगिक कलांविषयी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी या कामाचे मूळ डच ठरविले. मूळ परकीय म्हणून देशी कलांच्या इतिहासात त्यास जागा उरली नाही. आणि घडविणारे हात देशी म्हणून युरोपीय सामानाच्या इतिहासातही ते उपरेच राहिले. हा अभिप्राय कितपत टिकतो याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. आणि तो करताना ग्राहकाच्या अभिरुचीपेक्षा लाकूड, लाकडाविषयीचा कायदा आणि सुताराचे हत्यार यांच्या बाजूने विषयाकडे पाहावयाचे आहे.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करणे इष्ट. मराठीत ज्यास शिसव म्हणतात तो वृक्ष म्हणजे वनस्पतिशास्त्रातील ‘डाल्बर्जिया लॅटिफोलिया’ होय. वंशाचे नाव धाकट्या लिनीयसने स्वीडनमधील डालबर्ग यांच्या सन्मानार्थ दिले. जातीचे नाव कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांचे असून त्याचा अर्थ ‘रुंद पानांचा’ असा आहे. उत्तर हिंदुस्थानात नद्यांच्या गाळात वाढणारा शिसू, म्हणजे ‘डाल्बर्जिया सिसू’, हा याच वंशातील, पण वेगळा वृक्ष. त्याचे लाकूड तपकिरी व तुलनेने सामान्य असते. हिंदीत दोघांनाही शीशम म्हणण्याचा प्रघात आहे, आणि मराठी बाजारातही ‘शिसम’ हा शब्द दोहोंसाठी सर्रास चालतो. त्यामुळे जुन्या याद्यांतील शिसम नेमका कोणता हे दर वेळी तपासून घ्यावे लागते. आपल्या शिसवास गुजरातीत सीसम, कानडीत बीटे आणि मलयाळीत ईट्टी म्हणतात. इंग्रजीत त्याची दोन नावे झाली. मुंबई इलाख्यात तो ‘ब्लॅकवुड’, म्हणजे काळे लाकूड. अन्यत्र आणि पुढे सर्वत्र ‘रोझवुड’. हे दुसरे नाव मूळचे ब्राझीलमधील त्याच्याच भाईबंदाचे. ते लाकूड कापताना गुलाबासारखा वास येतो, त्यावरून ते पडले. आणि आपल्या शिसवासही तसा मंद गंध असल्याने तेच नाव त्याला चिकटले. मराठी भाषेने मात्र या झाडाचा रंगच धरून ठेवला आहे. काळ्या, तुळतुळीत कांतीच्या माणसास आपण ‘शिसवी’ म्हणतो, आणि ते म्हणताना आपणास झाड क्वचितच आठवते.

हा वृक्ष सह्याद्रीच्या पानझडी अरण्यांत, ठाण्यापासून कानडा, कोडगू आणि मलबारपर्यंत, साग, ऐन, किंजळ यांच्या सोबतीने वाढतो. त्याचे निर्भेळ असे रान नसते. तो विखुरलेला सापडतो आणि फार सावकाश वाढतो. सालीलगतचे लाकूड फिकट असते व त्यास कीड लागते. मोल आहे ते गाभ्याच्या लाकडास. त्याचा रंग सोनेरी तपकिरीपासून जांभळट काळ्यापर्यंत असून त्यात गडद रेघा असतात. एका घनफुटाचे वजन सुमारे ५० ते ५५ पौंड भरते; म्हणजे सागाहून ते बरेच जड. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने रंधा अडतो आणि हत्यारास वारंवार धार लावावी लागते. पण याच घट्टपणामुळे बारीक नक्षीची कड तुटत नाही आणि घोटल्यावर पृष्ठभाग दगडासारखा चकाकतो. गँबल यांनी हिंदी लाकडांवरील आपल्या ग्रंथात याचे जे उपयोग नोंदविले आहेत त्यांत दिवाणखान्यातील सामानाबरोबरच गाड्यांची चाके, शेतीची अवजारे आणि तोफगाडे हेही आहेत. म्हणजे हे लाकूड केवळ शोभेचे नव्हते. कुणब्याच्या आऊतालाही ते हवे होते आणि सरकारच्या तोफेलाही.

येथे प्रश्न उभा राहतो तो झाडाच्या मालकीचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे. स्वराज्यातील अरण्यांतून सागासारखी झाडे हुजुरच्या परवानगीने तोडावीत, परंतु रयतेने लावलेल्या आंबा-फणसांस तिच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून हात लावू नये, असा त्याचा आशय. तेथे भेद आहे तो झाड कोणी वाढविले यावरून. इंग्रजी अमलात भेद झाडाच्या जातीवरून होऊ लागला. १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांची मलबारच्या अरण्यांवर नेमणूक होऊन सागाचा मक्ता सरकारकडे गेला. तो १८२३ मध्ये रद्द झाला. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे ते अधीक्षक होते, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पुढे पाहणी-आकारणीची पद्धत स्थिरावल्यावर शेतातील सामान्य झाडांवर खातेदाराचा हक्क मान्य झाला. पण साग, शिसव आणि चंदन या तीन जाती सरकारने अनेक ठिकाणी स्वतःकडे राखून ठेवल्या. खातेदाराने सारा भरावा, झाडाच्या मुळ्यांनी अडलेली जमीन सोडून द्यावी, आणि झाड मात्र सरकारचे राहावे, अशी ही स्थिती होती. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांची चौकट अधिक घट्ट केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी वनआयोग नेमावा लागला. त्याचे प्रतिवृत्त १८८७ मध्ये आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जो रोष प्रकट केला आहे त्याचा संदर्भ हाच होय. या राजवृक्ष-पद्धतीची मुळे किती खोल गेली आहेत हे अगदी अलीकडेही दिसून आले. केरळातील वायनाड जिल्ह्यात पट्ट्याने दिलेल्या जमिनींवरील शिसवाची झाडे तोडल्याचे जे प्रकरण २०२१ मध्ये गाजले, त्यातही वाद हाच होता की जमीन दिली म्हणजे झाड दिले असे होते काय. मुंबईच्या कोचाकडे पाहताना ही बाजू नजरेआड करून चालणार नाही. मुंबईत शिसवाची किंमत ठरत असे ती केवळ सुताराच्या मजुरीने नव्हे. ज्याच्या शेतात झाड उभे आहे त्याला ते तोडता येत नसे, या गोष्टीचाही तिच्यात वाटा होता.

लाकूड मुंबईस येई ते मुख्यतः समुद्रमार्गे. मलबार आणि कानडा किनाऱ्यावरील बंदरांतून गलबते व फत्तेमाऱ्या ओंडके घेऊन येत. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला, तेव्हा कारवारमागील शिसवाची राने मुंबई सरकारच्याच ताब्यात आली. लाकूड उतरविण्याच्या जागा पूर्व किनाऱ्यावर असत. रे रोड आणि दारूखाना या भागांत लाकडाच्या वखारींची वस्ती पुढे कायम झाली.

सुतार मात्र आधीपासूनच शहरात होते. सुरतेचे लवजी नसरवानजी १७३६ साली मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या वाडिया घराण्याने सागवानी जहाजबांधणीची जी परंपरा निर्माण केली तिच्यात सुतारांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. परळचे लवजी कॅसल हे याच घराण्याचे. मराठी सुतारांत पाचकळशी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते, आणि गिरगाव, माहीम, दादर या जुन्या वाड्यांत त्यांची घरे होती. गुजरातेतून आलेले सुतार त्यांच्या शेजारी काम करीत. क्रॉफर्ड मार्केटजवळची सुतार चाळ आज विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या नावात सुतार राहिले, धंदा गेला. गोदीत तयार झालेला सुतार आणि सुरत-अहमदाबादच्या घरांच्या दर्शनी भागावर जाळी कोरणारा सुतार हे दोघे एकाच शहरात, एकाच लाकडावर काम करू लागले ही गोष्ट प्रस्तुत लेखकास फार महत्त्वाची वाटते. पहिल्याकडे सांधा होता, दुसऱ्याकडे नक्षी. बॉम्बे ब्लॅकवुडमध्ये या दोहोंची सांगड आढळते, आणि एक घटक दुसऱ्यावर कुरघोडी करतानाही आढळतो.

या सामानाचा व्यापार मुख्यतः कोटातील मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे सध्याच्या नगीनदास मास्टर मार्गावर, चाले. गव्हर्नर मेडोज यांच्या नावाचा हा रस्ता. सामानाचे स्वरूप असे : खुर्च्या, कोच, गोल मेजे, लिहिण्याची मेजे, पुस्तकांची कपाटे, फुलदाण्यांसाठी उंच तिवया. आकार युरोपीय. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या काळातील वळणदार रोकोको शैली १८३० नंतर इंग्लंडात पुन्हा रूढ झाली, तिच्या नमुन्यांची पुस्तके मुंबईत आली आणि त्यांवरून हे आकार घेतले गेले. परंतु इंग्लंडात जेथे एखादे पान किंवा शिंपला कोरून बाकीचे लाकूड साधे ठेवीत, तेथे मुंबईच्या सुताराने सबंध पृष्ठभाग वेली, पाने, फुले, पक्षी यांनी भरून टाकला, आणि कोरून थांबण्याऐवजी आरपार छेद घेऊन त्याची जाळी केली. खुर्चीची पाठ, कोचाची पाठ, मेजाच्या कडेची झालर, सर्वत्र जाळी. पसंतीचा भाग सोडून दिला तरी हे काम कसे झाले असेल याचा विचार केला पाहिजे. शिसवाची जाड फळी, तिच्यावर रेखाटन, मग सामत्याने भोके पाडून बारीक करवतीने आतील भाग काढून टाकणे, नंतर पटाशीने पानांना उठाव देणे, कानशीने कडा मारणे, आणि शेवटी चपडी लाखेचे हात देऊन काळेपणा आणखी गडद करणे. सागात इतकी बारीक जाळी केली तर पानांची टोके झडतात. शिसवात ती टिकतात. म्हणजे या शैलीचा जो विशेष, तो नमुन्याच्या पुस्तकातून आलेला नाही. तो लाकडातून आणि ते लाकूड ओळखणाऱ्या हातातून आला आहे.

अशी एखादी खुर्ची उलटी करून पाहिली असता दर्शनी भाग आणि मागचा भाग यांतील अंतर चटकन लक्षात येते. पुढे जाळी घोटून चकचकीत केलेली. मागे वाकसाचे घाव जसेच्या तसे. सांधे खाचेत कुसू बसवून आणि लाकडी खुंट्या मारून घेतलेले. मागचे पाय मात्र कधीकधी कमजोर, कारण नक्षीच्या ओघात लाकूड जास्त काढले गेले आहे. बैठक बहुधा वेताची. दमट हवेत गादीपेक्षा वेत बरा. जाळीच्या पाठीतून वारा खेळतो हाही गुण सांगता येईल. पण त्या पाठीस टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीत पाने रुततात हेही तितकेच खरे, आणि जाळीत साचणारी धूळ काढणे हे घरातील कोणाचे तरी रोजचे काम होऊन बसते.

आता बर्डवुड यांच्या मताकडे वळू. बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावचा. मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. याच संस्थेतून पुढे १८७२ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत उघडलेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय उभे राहिले, जे १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करीत आहे. तेव्हा मुंबईची माहिती त्यांना नव्हती असे म्हणता येणार नाही. डचांविषयी ते म्हणतात त्यास आधारही आहे. सुरत, वेंगुर्ले आणि कोची येथे डचांच्या वखारी होत्या, आणि सतराव्या शतकात चोळमंडळ किनाऱ्यावर व सिंहलद्वीपात त्यांच्यासाठी काळ्या लाकडाचे, फुलापानांनी भरलेले सामान तयार होई. परंतु येथे कालक्रमाची अडचण येते. डचांसाठी झालेले ते काम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाचे. मुंबईचे काम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून पुढचे. मधल्या सुमारे दीडशे वर्षांच्या अंतरास सांधणारी मुंबईतील वस्तूंची मालिका दाखविल्याशिवाय एक दुसऱ्यापासून निघाले असे म्हणणे कठीण. शिवाय मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेली. ती डचांची कधीच नव्हती. दोन्हींत लाकूड काळे आणि नक्षी दाट, एवढ्या साम्यावरून वंशवृक्ष काढणे हे इतिहासलेखनाच्या दृष्टीने धाडसाचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते बर्डवुड यांना ‘डच’ हा शब्द मूळ शोधण्यासाठी हवा नव्हता. खेड्यातील स्वयंपूर्ण, वंशपरंपरागत कारागीर हाच त्यांच्या दृष्टीने खरा हिंदी कलावंत. बंदरातील बाजारासाठी, गिऱ्हाइकाच्या नमुन्यावरून काम करणारा मुंबईचा सुतार त्या चित्रात बसत नव्हता. त्यास बाहेर ठेवण्याची ती एक सोय होती.

बंदरातील बाजार अशुद्ध, आणि म्हणून त्यात घडलेली वस्तू कमअस्सल, ही भूमिका भाषेच्या कसोटीवर तरी टिकत नाही. आपल्या घरातील सामानाची मराठी नावे पाहावीत. खुर्ची अरबी-फारसीतून आली, अलमारी पोर्तुगिजांकडून. मेज फारसी की पोर्तुगीज याचा वाद आहे. टेबल आणि कोच इंग्रजी. ‘कपाट’ हा शब्द तेवढा संस्कृत, पण त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. भिंतीत बसविलेल्या फडताळास दारे आली आणि दाराचेच नाव सबंध वस्तूस मिळाले. या शब्दांस कोणी परकीय म्हणून मराठीबाहेर काढीत नाही.

शतकाच्या उत्तरार्धात या कामास ‘सुधारण्याचे’ प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक दिशा कलाशाळेची. सर जमशेदजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या शाळेत जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली आले आणि दहा वर्षे राहिले. १८९१ मध्ये त्याच शाळेत ‘रे आर्ट वर्कशॉप्स’ उघडून लाकडावरील कोरीवकाम, धातुकाम इत्यादी हस्तकलांचे वर्ग चालविण्यात आले. दुसरी दिशा खाजगी धंद्याची, आणि तिची हकीकत काहीशी अनपेक्षित आहे. १८७९ च्या फेब्रुवारीत मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे थिऑसफीचे प्रवर्तक मुंबईस उतरले व गिरगाव बॅक रोडवर, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल मार्गावर, घर घेऊन राहिले. त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचे एक इंग्रज वास्तुरचनाकार-चित्रकार होते. पुढच्याच वर्षी मंडळींत फूट पडली, विंब्रिज बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईतच कलात्मक सामान बनविण्याचा कारखाना काढला. विंब्रिज आणि कंपनीचे हे सामान १९०२-०३ च्या दिल्ली प्रदर्शनापर्यंत पोहोचले. गिरगावातील अध्यात्माच्या घरातून लाकूडकामाची एक प्रतिष्ठित पेढी निघावी, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याचा खरा बोध वेगळा. पेढीचे नाव ज्ञात आहे, आरेखन करणाऱ्याचे नाव ज्ञात आहे, प्रदर्शनाची तारीख ज्ञात आहे. ज्यांनी पटाशी धरली त्यांची नावे मात्र या सूचींत आढळत नाहीत. नमुना ‘सुधारला’ की श्रेय आरेखकाचे, आणि नमुना ‘बिघडला’ की दोष सुताराचा, असा या साहित्याचा एकंदर रोख आहे.

हे सर्व झाले दिवाणखान्यांविषयी. शहराचा फार मोठा भाग या सामानापासून दूर होता. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचे वास्तव्य एकेका खोलीत आढळले. परळ-लालबागच्या चाळीत, जेथे एका खोलीत कुटुंब आणि वर खानावळीस किंवा निजण्यास येणारे गाववाले, तेथे कोरीव कोच ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तथापि शिसव तेथे नव्हताच असे समजणे चूक ठरेल. पोळपाट-लाटणे, पाट, चौरंग, देव्हारा, पानाचा डबा या रूपांत तो मराठी घरात होता, आणि गिरगावच्या मध्यमवर्गीय चाळीत त्याच्या जोडीला एखादी लांब हातांची आरामखुर्ची किंवा, जागा असल्यास, पितळी कड्यांची बंगई. या वस्तूंवर नक्षी थोडी किंवा मुळीच नाही. शिसवी पाटाची किंमत त्याच्या वजनात आणि घोटलेल्या पृष्ठभागात असे. तो पिढ्यान्पिढ्या टिके, मुंजी-लग्नांत निघे आणि एरवी भिंतीस उभा टेकलेला राही. एकाच वखारीतील लाकूड आणि बहुधा एकाच वस्तीतील सुतार. पण एका वस्तूस संग्रहालयात जागा आणि दुसरीस स्वयंपाकघरात. मुंबईच्या शिसवी कामाचा इतिहास केवळ पहिल्या वस्तूवरून लिहिला तर तो गिऱ्हाइकांचा इतिहास होतो, सुतारांचा होत नाही. जाता जाता एक खुलासा करावासा वाटतो. धोबीतलावपासून दादरपर्यंतच्या इराणी हॉटेलांतील काळ्या, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्यांस पुष्कळ लोक शिसवी समजतात. त्या शिसवी नव्हेत. वाफेने लाकूड वाकविण्याची ती मध्य युरोपातील रीत, लाकूड बीच वृक्षाचे, आणि काळेपणा रंगाचा. मुंबईकरांच्या मनात काळी खुर्ची म्हणजे शिसवी हे समीकरण किती पक्के बसले होते, याचा मात्र तो चांगला पुरावा आहे.

विसाव्या शतकात घरे बदलली. दादर-माटुंग्याच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनेत हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पुढे शिवाजी पार्क परिसरातील इमारती उभ्या राहिल्या. खोल्यांची उंची घटली, दिवाणखाना लहान झाला, घरात वीज आणि नळ आले. नोव्हेंबर १९३७ मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने टाउन हॉलमध्ये भरविलेल्या आदर्श-गृह प्रदर्शनास एक लाखाहून अधिक लोक गेले. तेथील आदर्श सपाट पृष्ठभागांचा, गोलसर कोपऱ्यांचा आणि नक्षीरहित होता. जाळी गेली, पण शिसव गेला नाही. तो पातळ पापुद्र्याच्या रूपाने प्लायवुडवर चढला, आणि याच काळात त्याचे बाजारातले नावही पालटले. एकोणिसाव्या शतकात लाख देऊन देऊन लाकूड काळे करीत, म्हणून ते ‘ब्लॅकवुड’. आता त्यातील जांभळ्या रेघा दिसाव्यात असे पॉलिश करीत, म्हणून ते ‘रोझवुड’. झाड तेच. नक्षी करणाऱ्याच्या हाताऐवजी आता झाडाच्या वर्षावर्षांच्या वाढीची रेघ हीच शोभा मानली गेली. अभिरुचीतील हा पालट मोठा आहे आणि त्याचा आर्थिक परिणामही उघड आहे. ज्या खुर्चीत पूर्वी लाकडाइतकेच, किंबहुना लाकडाहून अधिक, मोल कोरणाऱ्याच्या श्रमाचे होते, तिच्यात आता मोल राहिले ते मुख्यतः लाकडाचे. कोरीवकाम करणाऱ्या सुतारास दादरच्या नव्या घरात काम उरले नाही.

सध्याची स्थिती या विषयाच्या अभ्यासास एका बाजूने प्रतिकूल आणि दुसऱ्या बाजूने काहीशी साहाय्यक आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत हा वृक्ष असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. २०१६ च्या जोहान्सबर्ग येथील परिषदेत ठरल्याप्रमाणे २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया वंशातील यच्चयावत जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या. ब्राझीलची जात तर १९९२ पासूनच अधिक कडक बंधनात आहे. हिंदी हस्तकलांच्या निर्यातीस त्याचा फटका बसला, आणि २०२२ साली पनामा येथील परिषदेत लहान वस्तूंबाबत काही सवलत मिळाली. दरम्यान भारत व नेपाळ यांनी शिसू विपुल असल्याने तो सूचीतून वगळावा अशी मागणी केली होती. शिसव आणि शिसू यांच्या नावांतील ज्या घोटाळ्याचा वर उल्लेख केला तो असा कायद्याच्या दारातही येऊन उभा राहिला आहे, कारण चिरलेली फळी पाहून ती कोणत्या जातीची हे सीमेवरील अधिकाऱ्याने ओळखावे कसे? शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूंस १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदाही लागू होतो. या दोन्ही कारणांनी वस्तूचे वय आणि लाकडाची जात लेखी सांगावी लागते, आणि असे कागद वाढत जाणे हे इतिहासकाराच्या पथ्यावर पडणारे आहे.

प्रतिकूल बाजू अशी की वस्तू स्वतः झपाट्याने विखुरत आहेत. गिरगाव, लालबाग आणि परळ येथील चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होताना बंगई, पलंग आणि देव्हारे नव्या घरात मावत नाहीत आणि चोरबाजारातील मटन स्ट्रीटकडे जातात. तेथे पूर्ण वस्तूपेक्षा तिचे भाग अधिक खपतात. कोचाची जाळीदार पाठ आरशाची चौकट होते, पलंगाचे खांब दिव्याचे होतात, आणि साध्या भागांचे जुने लाकूड नव्या सामानास लागते. नक्षी तेवढी टिकते. सांधे, मागचे वाकसाचे घाव, जुळणीसाठी सुताराने भागाभागांवर केलेल्या खुणा नष्ट होतात. वर म्हटल्याप्रमाणे ज्यांची नावे कोणत्याही सूचीत नाहीत त्यांच्या हाताचा पुरावा याच भागांत आहे. तेव्हा आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांची घरे किंवा ज्यांचे आप्त या वस्त्यांत आहेत त्यांनी घर रिकामे होण्यापूर्वी अशा वस्तूंची मोजमापे, छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळणारी खरेदीची हकीकत नोंदवून ठेवावी. वस्तू कोरीव नसली, नुसता पाट असला, तरी त्याची नोंद करावी. आणि खुर्ची असेल तर नोंदीचा आरंभ तिच्या पाठीच्या नक्षीपासून न करता ती उलटी करून, बैठकीच्या खालच्या अंगापासून करावा.